बहिणीसाठी झिजवलेले उंबरठे

आमच्या गोंदियाकडे बाईचं दुखणं उजेडात यायला फार वेळ लागतो. आधी रोवणी आटोपू दे, मग धान घरात येऊ दे, मग लेकीचं लग्न, मग तिचं बाळंतपण. छातीत गाठ लागते, अंगावरून नको तेव्हा जातं, तोंड पुरतं उघडत नाही, हे बाई फार तर शेजारणीला सांगते. घरात बोलत नाही. दुखणं अंगावर काढायचं असतं, हे तिला आईने शिकवलेलं, सासूने घोटवून घेतलेलं. आणि ज्या दिवशी नागपूरचे डॉक्टर नाव सांगतात, त्या दिवशीही घरात ते नाव कुणी तोंडातून काढत नाही. 'ते दुखणं' एवढंच म्हणतात.

मैत्रिणींनो, हे नाव मोठ्याने घेणाऱ्या आणि थेट मंत्र्यांच्या दारात जाऊन घेणाऱ्या एका बाईंची गोष्ट आज सांगायची आहे. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं चाळणाऱ्या मुलींना हे नाव ठाऊक असेल, देशातल्या पहिल्या महिला आमदारांपैकी एक म्हणून. मीही त्यांना इतकंच ओळखत होते. पुढे वाचत गेले तेव्हा कळलं, की आमदारकी हा त्यांच्या आयुष्याचा चारेक वर्षांचा तुकडा होता. त्याहून कितीतरी जास्त वर्षं त्या सरकारकडे एकच गोष्ट मागत होत्या, कॅन्सरच्या रुग्णांसाठी वेगळं हॉस्पिटल.

त्यांचा जन्म ३० जुलै १८८६ चा, तमिळ मुलखातल्या पुदुक्कोट्टई संस्थानातला. वडील नारायणस्वामी अय्यर तिथल्या महाराजा कॉलेजचे प्राचार्य. आई चंद्रम्माळ देवदासींच्या समाजातली. आपल्याकडे देवाला सोडलेल्या मुरळ्या आणि जोगतिणी आपण ऐकून आहोत, तशीच ती प्रथा. अय्यरांनी चंद्रम्माळशी संसार मांडला म्हणून त्यांच्या घरच्यांनी त्यांच्याशी संबंध तोडले. लोक काय म्हणतात, हे मुथुलक्ष्मीला वेगळं शिकवावं लागलं नाही. ते ती जन्मापासून ऐकत होती.

मुलगी वयात आली की शाळा बंद, हा तेव्हाचा शिरस्ता. तिचीही शाळा सुटली. पण वडिलांनी घरीच शिकवलं आणि ती मॅट्रिक झाली. पुढे काय? गावात कॉलेज एकच, तेही मुलांचं. मुलगी आली तर बाकीची मुलं बिघडतील, अशी ओरड झाली. शेवटी खुद्द राजेसाहेबांनी परवानगी दिली. बंद गाडीतून कॉलेजला जायचं, वर्गात पडद्याआड बसायचं, अशा थाटात ती शिकली. १९०७ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला. तिथे शस्त्रक्रियेचे प्राध्यापक मुलींना आपल्या वर्गात बसू देत नसत. या मुलीचे परीक्षेतले गुण पाहिल्यावर त्यांनी आपला नियम मोडला. १९१२ मध्ये ती डॉक्टर झाली.

१९१४ मध्ये डॉ. सुंदर रेड्डी यांच्याशी लग्न झालं. लग्नाला होकार देण्याआधी मुथुलक्ष्मींनी अट घातली होती, की मला बरोबरीने वागवायचं आणि माझ्या कामाच्या आड यायचं नाही. १९१४ मध्ये! आज आपल्या घरातल्या मुलीने पाहुण्यांसमोर अशी अट घातली तर चहाचे कप तसेच राहतील. डॉ. रेड्डींनी मात्र ती मानली आणि आयुष्यभर पाळली.

दवाखाना चांगला चालू लागला. संसार, दोन मुलगे, पेशंटची रांग. इथवरची गोष्ट एका हुशार, कष्टाळू बाईची. मग त्यांची धाकटी बहीण आजारी पडली.

पोटाच्या तक्रारी होत्या. आव पडते म्हणून औषध सुरू झालं. महिने गेले. बरं वाटेना. जेव्हा खरं निदान झालं, तेव्हा तो गुदाशयाचा कॅन्सर निघाला आणि तो हाताबाहेर गेलेला होता. तरुण बहीण डोळ्यांसमोर वेदनेने तळमळत गेली. घरात डॉक्टर बहीण, डॉक्टर मेव्हणे, हाताशी मद्रासची मोठी इस्पितळं, आणि तरी वेळेवर कुणाला ओळखता आलं नाही.

या जागी मी वाचता वाचता थांबले. कारण हे मी आमच्याकडे पाहिलेलं आहे. अंगणात मुरमुरे चाळत बसणारी आमच्या गल्लीतली एक काकू, गालाच्या आतला फोड तोंड आलंय म्हणून सहा महिने हळद-तूप लावत राहिली. तिने गुडाखू लावणं सोडलं नव्हतं, आणि सोड म्हणून तिला कुणी सांगितलंही नव्हतं. डॉक्टरांच्या घरात जे झालं, तेच मजुराच्या घरात होतं. फरक इतकाच, की मुथुलक्ष्मींनी बहिणीच्या जाण्याला नशीब म्हटलं नाही. ओळखायला उशीर झाला, ओळखणारी माणसं आणि यंत्रं नव्हती, ती असायला हवीत, असा त्यांनी हिशेब मांडला.

१९२५ मध्ये त्या शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेल्या. बायकांच्या आणि मुलांच्या आजारांचा अभ्यास हे मुख्य काम. पण लंडनमधलं कॅन्सरचं खास हॉस्पिटल त्यांनी नीट पाहून घेतलं. एका छताखाली तपासणी, शस्त्रक्रिया, रेडियमचे उपचार आणि संशोधन. असं आपल्याकडे का नको, हा प्रश्न त्या सोबत घेऊन आल्या.

परत आल्यावर आयुष्याने वेगळंच वळण घेतलं. अड्यारला १९१७ पासून विमेन्स इंडियन असोसिएशन नावाची बायकांची संघटना काम करत होती. मताचा हक्क, मुलींची शाळा, बालविवाह हे त्यांचे विषय. त्या बायकांनी आग्रह धरला, की विधान परिषदेत आपली एक बाई हवी, आणि नाव मुथुलक्ष्मींचं पुढे केलं. दवाखाना सोडून तिथे काय करू, म्हणून त्या आधी कचरत होत्या. डिसेंबर १९२६ मध्ये त्यांची मद्रास विधान परिषदेवर नेमणूक झाली आणि जानेवारी १९२७ मध्ये सभागृहाने त्यांना एकमताने उपाध्यक्ष केलं. सभागृहात बाकी सगळे पुरुष, आणि खुर्चीवर ही बाई.

खुर्चीवर बसून त्यांनी काय केलं? मुलींच्या लग्नाचं वय वाढावं म्हणून बोलल्या. शाळेतल्या मुलांची तपासणी व्हावी म्हणून भांडल्या. आणि सगळ्यात अवघड विषयाला हात घातला, देवदासी प्रथेला. ही परंपरा आहे, कला आहे, धर्म आहे, असं सांगणारे मोठमोठे पुढारी समोर उभे राहिले. त्या प्रथेतल्या काही स्त्रियाही विरोधात गेल्या. १९२९ मध्ये एक पाऊल पडलं. देवळाच्या सेवेपोटी मिळालेली जमीन त्या बायकांच्या स्वतःच्या नावावर राहील, त्यासाठी सेवेला बांधून घ्यायची गरज नाही, असा कायदा झाला. मुली देवाला सोडण्यावर पूर्ण बंदी घालणारा कायदा मात्र व्हायला १९४७ साल उजाडलं. दरम्यान १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली, तेव्हा मुथुलक्ष्मींनी निषेध म्हणून जागा सोडली होती. म्हणजे खुर्ची गेल्यावर सतरा वर्षं त्या बाहेरून पाठपुरावा करत राहिल्या. त्याच सुमारास देवदासींच्या काही मुली आसऱ्यासाठी दारात आल्या. कोणतंच वसतिगृह त्यांना घेईना, तेव्हा मुथुलक्ष्मींनी आपल्याच घरात त्यांना ठेवून घेतलं. तिथून 'अव्वै होम' ही संस्था उभी राहिली. ती आजही आहे.

एवढं सगळं एका बाजूला चालू असताना बहीण मनातून गेली नव्हती. १९३५ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजला शंभर वर्षं झाली. मोठा समारंभ, जुने विद्यार्थी, साहेब लोक. तिथे मुथुलक्ष्मी उठल्या आणि मद्रासला कॅन्सरचं हॉस्पिटल हवं, अशी मागणी त्यांनी उघड मांडली. टाळ्या झाल्या असतील. हॉस्पिटल मात्र झालं नाही. मग महायुद्ध आलं, मग स्वातंत्र्य आलं, आणि मंत्री आपले आले.

आपले मंत्री आले म्हणून काम सोपं झालं, असं नाही. मद्रासच्या तेव्हाच्या आरोग्यमंत्र्यांचं म्हणणं होतं, की कॅन्सर झालेली माणसं मरतातच, तर मग त्यांच्यासाठी वेगळं हॉस्पिटल कशाला. आज आपल्याला हे ऐकून राग येईल. पण थोडं त्यांच्या जागी उभं राहून पाहू. तेव्हा मलेरिया, देवी, पटकी, क्षय यांनी माणसं पटापट मरत होती. तिजोरीत पैसा थोडा. लस देऊन, पाणी स्वच्छ करून जी वाचतील त्यांच्यावर खर्च करायचा, की ज्या आजाराला औषध नाही असं सगळे मानत होते, त्याच्यावर? त्यांचा हिशेब साधा होता, पण त्याचा पायाच चुकीचा होता. कॅन्सरचे सगळे रुग्ण मरत नव्हते. उशिरा आलेले मरत होते, आणि उशिरा येत होते कारण लवकर जायला जागाच नव्हती. मुथुलक्ष्मी हेच पुन्हा पुन्हा समजावत राहिल्या. मंत्री बदलले की नव्या मंत्र्याला पहिल्यापासून समजावत राहिल्या.

मला या बाईंचं सगळ्यात जास्त काय पटलं असेल, तर त्यांनी एकटीने जायचं सोडून दिलं. वयाची साठी उलटली होती. मोठं नाव होतं, सभागृहात ओळखी होत्या. तरी त्यांनी १९४९ मध्ये आपल्या जुन्या मैत्रिणींच्या संघटनेकडूनच कॅन्सर निवारण निधी सुरू करून घेतला. त्या संघटनेतल्या बायका काही डॉक्टर नव्हत्या. कुणी शिक्षिका, कुणी वकिलाची बायको, कुणी नुसती घर सांभाळणारी. त्या घरोघरी गेल्या, वर्गणी गोळा केली, कॅन्सर म्हणजे काय हे आधी स्वतः समजून घेऊन लोकांना सांगितलं, आणि सरकारकडे अर्जामागून अर्ज केले. एक डॉक्टरीण मंत्र्याकडे गेली तर ती तिची हौस ठरते. मागे शेकडो घरांची वर्गणी असेल तर मंत्र्याला खुर्चीतून उठून बोलावं लागतं. मुथुलक्ष्मी स्वतः सभागृहात बसलेल्या होत्या, त्यामुळे त्या खुर्चीवरच्या माणसाला काय दिसतं आणि काय ऐकू येतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

१० ऑक्टोबर १९५२ ला पंडित नेहरूंच्या हस्ते पायाभरणी झाली. १८ जून १९५४ ला अड्यारचं कॅन्सर इन्स्टिट्यूट सुरू झालं. किती मोठं? बारा खाटांचं! आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातही याहून जास्त खाटा असतात. मुथुलक्ष्मी तेव्हा सदुसष्ट वर्षांच्या होत्या. कॅन्सरचं शिक्षण घेऊन आलेला त्यांचा मुलगा डॉ. कृष्णमूर्ती तिथे उभा राहिला. पुढच्याच वर्षी डॉ. व्ही. शांता ही तरुणी सरकारी नोकरीची चांगली संधी सोडून तिथे आली. पहिली काही वर्षं तिने पगारही घेतला नाही, आणि पुढे हॉस्पिटलच्या आवारातच राहिली. जानेवारी २०२१ मध्ये, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी त्या गेल्या, तोवर त्यांचं घर तेच होतं. बारा खाटांचं ते हॉस्पिटल वाढत वाढत दक्षिणेतल्या गोरगरिबांचं कॅन्सरचं माहेर झालं.

मुथुलक्ष्मींना १९५६ मध्ये पद्मभूषण मिळालं. २२ जुलै १९६८ रोजी त्या गेल्या. तमिळनाडूत त्यांच्या नावाने गरीब बाळंतिणींना मदत देणारी सरकारी योजना चालते, आणि त्यांचा जन्मदिवस, ३० जुलै, तिथे रुग्णालय दिन म्हणून पाळला जातो.

आता तुम्ही म्हणाल, ही मद्रासची गोष्ट, जुन्या काळची, आणि ती बाई शिकलेली. आपण गोंदियाच्या, आमगावच्या, देवरीच्या बाया काय करणार? म्हणून आणखी दोन गोष्टी सांगते.

पहिली अमेरिकेतली. तिथे १९७१ मध्ये कॅन्सर संशोधनाला भरपूर पैसा देणारा कायदा संसदेत अडकला होता. मेरी लास्कर नावाची एक श्रीमंत बाई वर्षानुवर्षं खासदारांच्या मागे लागली होती. तिची मैत्रीण वर्तमानपत्रात बायकांच्या प्रश्नांना उत्तरं देणारं सदर ॲन लँडर्स या नावाने लिहायची. त्या सदरात तिने एक दिवस इतकंच लिहिलं, की आपापल्या खासदाराला पत्र टाका. लाखो पत्रं गेली. खासदारांच्या कचेऱ्यांमध्ये ती उघडायला माणसं पुरेनात. त्याच वर्षीच्या डिसेंबरात कायदा झाला. तुम्ही आत्ता जे वाचताय, तसंच ते एक सदर होतं, आणि पत्रं लिहिणाऱ्या बायका स्वयंपाक आटोपून पेन हातात धरणाऱ्या होत्या.

दुसरी गोष्ट आपल्याच महाराष्ट्राची. जुलै २०१२ मध्ये राज्यात गुटखाबंदी झाली. त्याआधी टाटा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी तोंडाचा कॅन्सर झालेल्या रुग्णांनाच सोबत घेतलं होतं. जबडा काढलेला तरुण मंत्र्यांसमोर, आमदारांसमोर उभा राहिला, की आकडेवारीची फाईल लागत नाही. बंदी आली. ती पुरती पाळली जाते का, ते तुम्ही गल्लीच्या तोंडावरच्या पानठेल्यावर बघताच. गुटखा आडून मिळतो, आणि खर्रा तर समोरच घोटून देतात. पण कायदा आपल्या बाजूला आहे, आणि तो पाळा म्हणून मागायला आता आपल्याकडे जागा आहे.

मागायचं काय? मुथुलक्ष्मींकडून शिकायचं तर मागणी एकच आणि नेमकी हवी. कॅन्सर हटवा, अशी नको. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तीस वर्षांवरच्या बायकांची तोंडाची, स्तनांची आणि गर्भाशयमुखाची तपासणी ठरल्या वारी, बाई कर्मचाऱ्याकडून, आडोसा असलेल्या खोलीत झाली पाहिजे, अशी हवी. ही तपासणी सरकारच्याच कार्यक्रमात आहे. तिला फार मोठी यंत्रंही लागत नाहीत. टाटा हॉस्पिटलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये सुमारे दीड लाख बायकांवर अभ्यास केला. थोडं शिक्षण दिलेल्या साध्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी सौम्य ॲसिडचा, म्हणजे आपल्या व्हिनेगरसारख्या द्रवाचा, बोळा लावून गर्भाशयमुख तपासलं. तपासणी झालेल्या बायकांमध्ये त्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. हे निष्कर्ष २०१३ मध्ये जगापुढे आले. बोळा, दिवा, शिकवलेली बाई आणि आडोसा. यातलं आपल्या केंद्रावर काय नाही, ते बघून तेवढंच मागायचं.

कुणाकडे? आपल्या जिल्ह्यात विधानसभेच्या चार जागा आहेत, गोंदिया, तिरोडा, आमगाव आणि अर्जुनी मोरगाव. चारही आमदार आपल्या मतांवर निवडून येतात. हिवाळी अधिवेशन नागपूरला भरतं, म्हणजे सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परत येता येईल इतकं जवळ. त्याहून जवळ गावची महिला ग्रामसभा आहे. तिथे ठराव लिहून घ्या, त्याची प्रत आमदारांना द्या, पोच घ्या, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जा. बचत गटाच्या दहा-पंधरा जणी असतातच. हप्ता भरायला जमतो, तशाच या कामाला जमायचं.

मागे एकदा आमच्या गटात मी हा विषय काढला, तर एक जण म्हणाली, आपण गेलो तर साहेब लोक चहा पाजतील आणि वाटेला लावतील. खरं आहे. पहिल्यांदा तसंच होतं. मुथुलक्ष्मींनाही १९३५ मध्ये टाळ्याच मिळाल्या होत्या. हॉस्पिटल एकोणीस वर्षांनी मिळालं. पण त्या एकोणीस वर्षांत दर खेपेला आधी येऊन गेलेली बाई पुन्हा आली आहे, हे कचेरीतल्या माणसांना कळत गेलं.

गोंदियाहून सुटणाऱ्या विदर्भ एक्स्प्रेसमध्ये मुंबईला निघालेली, मांडीवर फाईल धरून बसलेली एखादी बाई तुम्ही पाहिली असेल. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला तिकिटात सवलत मिळते, डॉक्टरांचा दाखला लागतो. अशा कुणाला ठाऊक नसेल तर जरूर सांगा. तिचं निदान गावातच सहा महिने आधी झालं असतं तर कदाचित तो प्रवास नागपूरपर्यंतच संपला असता, हे मात्र आमदारांना सांगा. आणि त्याआधी, या आठवड्यात, स्वतःची तपासणी करून घ्या. रोवणीनंतर नाही, दिवाळीनंतर नाही. सोबत नणंदेला न्या, जावेला न्या, सासूबाईंनाही न्या. त्यांना तर आजवर कुणी कधी विचारलेलंच नसतं.